न पाहिलेली खोली

"बाई, हा घुम्या कोण?"

हेडफोनमधून कानसेनचा आवाज आला तेव्हा ती पान उलटत होती, कागद वाजू नये म्हणून कोपरा चिमटीत धरून, हळूच. तिने मान वर केली. काचेपलीकडे तो नेहमीसारखा एक कान झाकून आणि एक उघडा ठेवून बसला होता. त्याचं खरं नाव स्टुडिओत कुणी घेत नसे. खुर्ची करकरली, वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला, वाचणाऱ्याच्या पोटात कावळे कोकलले, सगळं आधी त्याला ऐकू जाई. म्हणून तो कानसेन. "कोण घुम्या?" तिने विचारलं. "मी तेच विचारतोय. पुस्तक समोर धरून बसलोय, ह्यात कुणी घुम्या नाही. तुम्ही म्हणालात." त्याने रेकॉर्डिंग थोडं मागे नेऊन तेवढाच तुकडा वाजवला. कादंबरीची नायिका जिन्याच्या तोंडाशी उभी राहून खाली उतरत चाललेल्या माणसाला हाक मारते, असा प्रसंग होता. छापलेलं नाव भारदस्त होतं, कादंबरीतल्या नायकाला शोभेलसं. आणि तिच्या तोंडून आलं होतं, "घुम्या, थांब ना." ती ऐकत राहिली. आवाज तिचाच होता, पण इतक्या वर्षांत कमावलेला, गोलसर, पोटातून येणारा नव्हता. वरच्या पट्टीतला, जरा फाटलेला, धावत आल्यासारखा होता. "चुकलं," ती म्हणाली, "पुन्हा घेऊ." "घेऊ की," कानसेन म्हणाला. "पण खरं सांगू? बाकीचं पान तुम्ही वाचलंत. एवढं मात्र बोललात."

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं, छापलेल्या नावासकट, नीट. मग पुढची पानं वाचली. पण आपल्याच जिभेवरचा तिचा भरवसा उडाला होता. प्रत्येक वाक्याच्या वळणावर ती सावध होत होती, आणि अंधारात पायरी चाचपावी तसं पुढचं नाव आधी डोळ्यांनी चाचपून मग उच्चारत होती. गेली कितीतरी वर्षं ती पुस्तकं वाचत आली होती, ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही किंवा वाचायला सवड नाही अशा लोकांसाठी. चरित्रं, रहस्यकथा, एकदा तर मधुमेहावरचं एक जाडजूड पुस्तकही. कुठलंच तिला बाधलं नव्हतं. वाचून झालं की घसा खाकरायचा, कोमट पाणी प्यायचं, घरी जायचं. हे पुस्तक घेताना तर तिने नाकच मुरडलं होतं. लग्न ठरलेल्या एका मुलीला स्वप्न पडतं. स्वप्नात ती दुसऱ्याच घरात असते, दुसऱ्याच पुरुषाबरोबर, काही वर्षं पुढे. जाग आली की इकडचं आयुष्य. पुन्हा झोप लागली की तिकडचं, जिथे राहिलं होतं तिथून पुढे. आणि दोन्हीकडे तिचा जीव सारखाच अडकत जातो. "असली पुस्तकं फार खपतात, बाई," कानसेन म्हणाला होता. "प्रत्येकाला वाटतं, आपलं खरं घर कुठेतरी आहे आणि आपण चुकून भलत्याच घराची बेल दाबली." ती तेव्हा हसली होती. त्यानंतर काही दिवसांनी तिला पहिलं स्वप्न पडलं होतं, आणि ते मात्र तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

स्वप्न म्हणावं असं त्यात काही नव्हतंच. एक खोली होती, वरच्या मजल्यावरची, रस्त्याच्या बाजूला खिडकी असलेली. खिडकीला पडदा नव्हता आणि दोघं मिळून पडदा लावत होती. घुम्या स्टुलावर चढला होता, ती खालून कापड धरून उभी होती, आणि तो म्हणत होता, "डावीकडे जास्त झालंय." बस, एवढंच. पुढच्या खेपेला पडदा लागलेला होता आणि ती दोघं गळक्या नळाला चिंधी बांधत होती. त्यानंतर एकदा तो बाहेरून आला, चपला काढल्या, तिच्याकडे न बघता कॉटवर बसला आणि तिने ओळखलं की ह्याचं आज काहीतरी बिनसलंय. तिने विचारलं नाही. त्याच्याजवळ जाऊन बसली. कादंबरीतल्या नायिकेला स्वप्नात समुद्र दिसत, मेणबत्त्या दिसत. हिला चिंधी दिसत होती. पण सकाळी जाग आली की छातीत असं काही भरून आलेलं असे की दात घासताना आरशात बघवत नसे. शेजारी नवरा अंघोळीहून येऊन शर्टाची बटणं लावत असे आणि तिला वाटे, ह्या माणसाला आपण रात्रभर फसवून आलोय. आणि लगेच वाटे, छे, फसवणूक तर तिकडे झाली, पडद्याचं कापड हातातून सोडून आपण इकडे उठून आलो.

घुम्या हे नाव तिनेच ठेवलं होतं. एका वर्गात होते दोघे, आणि तो इतका कमी बोलायचा की गुरुजींनी हजेरी घेतली तरी बोट वर करायचा, तोंड उघडायचा नाही. "तुझ्या तोंडाला कुलूप आहे का रे?" असं विचारल्यावर त्याने बराच विचार करून "नाही" असं उत्तर दिलं होतं. पुढे त्याने जनावरांचा डॉक्टर व्हायचं ठरवलं तेव्हा ती म्हणाली होती, बरोबर आहे, तुला पेशंटही मुकेच हवेत. तिची बडबड आणि त्याचं गप्प राहणं, ह्यातून दोन-तीन वर्षं काहीतरी विणलं जात गेलं होतं, ज्याला दोघांपैकी कुणीच नाव दिलं नव्हतं. आणि मग ती दुपार. पुलाच्या कठड्याला टेकून दोघं उभी होती, ऊन होतं, खाली पाणी जवळजवळ नव्हतंच. तो अचानक म्हणाला, "आपण दोघांसाठी एखादी खोली बघूया का?" आणि ती हसली. खळखळून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. आनंदाने हसली होती. इतके दिवस ज्या कुलपाशी ती खटपट करत होती ते असं एकदम, भर उन्हात, पुलावर उघडलं, ह्याचं ते हसू होतं. पण हसू आवरून तिने बघितलं तर तो खाली पाण्याकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. आता पुन्हा विचारेल, तिला वाटलं. पुन्हा विचारलं की लगेच हो म्हणायचं. ते सगळे दिवस ती वाट बघत राहिली. तो नेहमीसारखा भेटत राहिला, नेहमीसारखा गप्प. पुढे त्याला लांबच्या गावी नोकरी लागली आणि तो गेला. मग ह्या नवऱ्याचं स्थळ आलं. माणूस चांगला होता, अजूनही आहे. आणि तेव्हापासून, भांडी विसळताना, रांगेत उभं असताना, मुलीला थोपटताना, ती त्या पुलावर जाऊन ते हसू परत गिळत आली होती. हसायच्या ऐवजी हो म्हटलं असतं तर? एक अक्षर तर होतं.

नवरा लिफ्ट तपासायचं काम करत असे. शहरातल्या अर्ध्या इमारतींच्या पोटात शिरून आलेला माणूस, कपड्यांना ग्रीसचा वास, आणि बोलणंही तसंच, मोजकं आणि वंगण घातलेलं. "काय गं, अलीकडे दमलेली दिसतेस," तो एकदा जेवताना म्हणाला. "पुस्तक मोठं आहे," ती म्हणाली. "कशावर आहे?" "एका बाईची दोन आयुष्यं असतात त्यावर." तो घास चावत राहिला. "दोन लिफ्ट असल्या की लोक नेहमी दुसरीची वाट बघतात," तो म्हणाला. "समोर एक उघडी असते, तरी." तो सहज म्हणाला होता की काही उमजून, हे तिला कळेना. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याच्या कुठल्या बोलण्याच्या तळाशी काय असतं हे तिने कधी उतरून बघितलं नव्हतं, हे तिला त्याच क्षणी जाणवलं आणि तिने घाईने ताटं उचलली.

घुम्या शहरात परत आला आहे हे तिला बरीच वर्षं ठाऊक होतं. नदीपलीकडे त्याचा जनावरांचा दवाखाना होता. थोरल्या बहिणीने एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती त्या रस्त्याने जात नसे. त्या हाकेनंतर मात्र तो रस्ता तिच्या मनात सारखा चालू लागला. कादंबरीचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. नायिका स्वप्नातल्या पुरुषाला खऱ्या आयुष्यात गाठते, इथवर ती वाचून आली होती, आणि पुढचं पान तिने मुद्दाम बघितलं नव्हतं. एका सकाळी तिने कानसेनला फोन केला, घसा बसलाय, आज येत नाही म्हणून सांगितलं. "ऐकू येतोय बसलेला," कानसेन म्हणाला. घसा ठणठणीत होता. मग तिने मुलीची मांजर टोपलीत घातली. मुलगी शिकायला परगावी गेली होती आणि जाताना ही महाराणी आईच्या गळ्यात बांधून गेली होती. महाराणीला काडीचा आजार नव्हता. टोपलीचं झाकण लावताना तिने आईच्या हातावर ओरबाडून आपलं मत सांगितलं. रिक्षात टोपली मांडीवर घेऊन बसल्यावर ती स्वतःला सांगत होती की आपण काहीही ठरवून निघालेलो नाही. नुसतं बघून यायचं. पण अंगात तिने ठेवणीतले कपडे घातले होते, आणि पोटात एक थंड, स्वच्छ गोष्ट बसलेली होती: त्याने जर एकदा म्हटलं, थांब, तर मी थांबेन. मग जे व्हायचं ते होवो.

दवाखान्याच्या बाकावर एका म्हाताऱ्याच्या पायाशी लठ्ठ कुत्रा झोपला होता, आणि एक बाई पिंजऱ्यातल्या पोपटाला दबक्या आवाजात रागावत होती. फिनाइलचा वास. भिंतीवर घोड्याच्या सांगाड्याचं चित्र. तिचा नंबर आला. तो आतल्या टेबलाशी हात धूत उभा होता, पाठमोरा. केस विरळ झालेले, खांदे तेच. "टोपली टेबलावर ठेवा," तो म्हणाला. मग वळला. हात पुसायचे थांबले. बराच वेळ तो काही बोलला नाही, आणि ती मनात म्हणाली, बदललेला नाहीस. त्याने मांजर बाहेर काढली. तिचे डोळे बघितले, कान बघितले, पोट दाबून बघितलं, तोंड उघडून दात बघितले. ज्या महाराणीने जन्मात कुणाला पोटाला हात लावू दिला नव्हता ती मुकाट पडून राहिली. "हिला काही झालेलं नाही," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

त्याने मांजर परत टोपलीत ठेवली, बाहेर जाऊन त्या पोपटवाल्या बाईला थोडं थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभी राहिली. त्याची बायको शाळेत शिकवते, दोन मुलगे आहेत, हे तिने ऐकलं. मुलगी, नवरा, वाचनाचं काम, हे तिने सांगितलं. "तुझा आवाज ऐकलाय मी," तो म्हणाला. "माझ्या आईचे डोळे गेले तेव्हा तिला तू वाचलेली पुस्तकं ऐकायला आणून द्यायचो. ती झोपली की बंद करायला जायचो, आणि बंद करायचो नाही." ती टेबलाची कड धरून उभी होती. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून ती एका दमात बोलून गेली: "पुलावर तू विचारलंस ना, तेव्हा मी आनंदाने हसले होते रे. चेष्टा नव्हती ती. मला हो म्हणायचं होतं."

त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. तो खरोखर आठवत होता. तसं करताना तो खालचा ओठ चावतो हे तिच्या अंगाने तिच्याआधी ओळखलं. "कुठल्या पुलावर?" तो म्हणाला.

"खोली बघूया का, म्हणालास."

"मी?" तो म्हणाला. "मी असं विचारलं? एवढी धमक कुठे होती माझ्यात?" तो खोटं बोलत नव्हता. त्याला खोटं बोलता येत नसे. ते त्याच्या गप्प राहण्याचं एक कारण होतं. ती पूल सांगू लागली, ऊन सांगू लागली, त्याचे लाल झालेले कान. आणि जसजसं सांगत गेली तसतसा तिला तिचाच आवाज पुस्तक वाचल्यासारखा ऐकू येऊ लागला. तो मान हलवत राहिला, हळवेपणाने, दुसऱ्या कुणाची तरी हकीकत ऐकावी तसा. मग म्हणाला, "मला वाटलं, तू त्या दिवसाचं बोलायला आलीस."

"कुठल्या?"

"तुला ताप आला होता. मी निघायच्या दिवशी. तू तुझ्या मावशीकडे होतीस, बाहेरच्या खोलीत. मी निरोप घ्यायला आलो. मावशी आत काहीतरी करत होत्या. तू माझी बाही धरलीस आणि म्हणालीस, जाऊ नकोस. दोनदा म्हणालीस." त्याने नकळत स्वतःची डावी बाही उजव्या हाताने धरली होती. "बस सुटायला वेळ होता थोडा. मी तुझी बोटं सोडवली, एकेक करून, आणि गेलो. अजून वाटतं, नसतो गेलो तर."

तिने डोळे मिटून शोधलं. मावशीची बाहेरची खोली सापडली, तापाची जड गोधडी सापडली, उशीचा ओलसर वास सापडला. तो नव्हता. बाही नव्हती. तो निरोप न घेता गेला, असंच तिला आजवर वाटत आलं होतं, आणि त्याचा राग तिने किती जपला होता. "मी झोपेत असेन," ती म्हणाली. "मला काहीच आठवत नाही रे." "नाही आठवत?" तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून तिला एकाच वेळी त्याला जवळ घ्यावंसं आणि तिथून पळून जावंसं वाटलं. इतकी वर्षं दोघं वाट चुकल्याची जागा राखत बसली होती, आणि ती जागा एक नव्हती. तिच्या पुलावर तो कधी आलाच नव्हता. त्याच्या त्या खोलीत ती असून नव्हती. बाहेर पोपट कर्कशपणे ओरडला. "आता जाते," ती म्हणाली. त्याने दार उघडून धरलं. थांब, असं तो म्हणाला नाही. आणि म्हणाला असता तरी ते कुणाला म्हणाला असता, असं तिच्या मनात आलं. "हिला जास्त खायला घालू नका," तो म्हणाला, मांजरीकडे बघत, अहो-जाहो करत, कारण बाकावरची माणसं ऐकत होती.

घरी आली तेव्हा नवरा लवकर आलेला होता. "टोपली कशाला?" त्याने विचारलं. "हिला दाखवून आणलं." "काय म्हणाले डॉक्टर?" "काही झालेलं नाही म्हणाले." "मग बरं झालं," तो म्हणाला आणि महाराणीला टोपलीतून उचलून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने शेवटचं प्रकरण वाचलं. नायिका त्या पुरुषाला भेटते आणि कळतं की तोही रोज तेच घर, त्याच खिडक्या, तोच पाऊस स्वप्नात बघत होता. दोघांची स्वप्नं कडेला कड लावून जुळतात. ती अडखळली नाही. एकही रीटेक लागला नाही. "छान झालं," कानसेन म्हणाला, आणि मग दोन्ही कान उघडे करून काचेतून तिच्याकडे बघत राहिला. "बाई, पाणी घ्या," एवढंच म्हणाला.

त्यानंतर खोली यायची थांबली. सुरुवातीला तिला सुटल्यासारखं वाटलं. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं की आपण झुरतोय, आणि त्या माणसासाठी नाही. तो आता एक विरळ केसांचा दमलेला डॉक्टर होता, ज्याचं दुःख वेगळं होतं. ती त्या खोलीसाठी झुरत होती. पडदा डावीकडे जास्त झाला होता, तो सारखा करायचा राहिला होता. त्या दिवशी त्याचं काय बिनसलं होतं ते कळायचं राहिलं. तिथे कुणी राहत नसेल आता. नळ गळत असेल. असल्या विचाराने भर बाजारात तिच्या डोळ्यांत पाणी येई आणि ती भाजीवाल्याशी उगाच घासाघीस करत राही. रात्री झोप यायची, पण नुसती झोप, तळ नसलेली. म्हणून ती दुपारी प्रयत्न करू लागली. पडदे ओढून, उजव्या कुशीवर, जशी त्या पहिल्या स्वप्नाच्या रात्री होती तशी. डोळ्यांपुढे जिना आणायचा, वरचा मजला आणायचा, दार आणायचं. दारापर्यंत सगळं येई. दार लाकडाचं होतं, इतकंच; त्यापुढे तिचं स्वतःचं मन जे रचत जाई ते रचलेलं आहे हे तिला कळे.

सुटीच्या दिवशी दुपारी ती अशीच पडली होती. शेजारी नवरा पेपर वाचता वाचता झोपी गेला होता. पेपर छातीवर पडला होता आणि श्वासाबरोबर वरखाली होत होता. बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत पोचली होती. तेवढ्यात शेजारून आवाज आला. "ये ना आत," नवरा म्हणाला. तिने डोळे उघडले. तो गाढ झोपेत होता, पापण्यांखाली बुबुळं हलत होती. "ये ना. भिजलीस किती." आणि मग आणखी काहीतरी, शब्द नसलेलं, नुसता सूर.

ती कोपरावर उठून बसली. आवाजावरच तिचं पोट चालत होतं, आणि हा आवाज तिने ह्या घरात कधी ऐकला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतही नाही. त्यात ग्रीस नव्हतं, मोजकेपणा नव्हता. तो कुणातरी आपल्या माणसाशी, खूप दिवसांनी दारात उभ्या राहिलेल्या कुणाशीतरी बोलत होता. ती कोण होती, तिला ठाऊक नव्हतं. लग्नाआधीची कुणी असेल, की कधीच न भेटलेली. की कोण जाणे, तीच, दुसऱ्या कुठल्या तरी आयुष्यात उशिरा घरी परतलेली. मत्सर येईल म्हणून ती वाट बघत राहिली. आला नाही. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात एक मऊपणा जमा झाला होता आणि त्याचा चेहरा कितीतरी तरुण दिसत होता. हा रोज कुठे जात असेल, किती वर्षं जात असेल, आणि सकाळी उठून कसा मुकाट शर्टाची बटणं लावत असेल!

उशाशी फोन थरथरला. तिने झडप घालून तो उचलला, आवाज व्हायच्या आत. कानसेन होता. "बाई, नवं पुस्तक आलंय, उद्यापासून..." "नंतर," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, त्यालाच ऐकू जाईल इतकं हळू, आणि फोन बंद केला. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप सरकत सरकत नवऱ्याच्या गालापर्यंत आली होती. आणखी थोड्या वेळाने डोळ्यांवर आली असती. त्याच्या छातीवरचा पेपर तिने दोन बोटांनी अलगद उचलला, पान न वाजवता, जसं फक्त तिलाच जमत होतं. मग ती खिडकीशी गेली आणि स्वतः त्या फटीत उभी राहिली, तिरीप पाठीवर घेऊन, तो तिकडे आत गेलेला आहे तोवर.